पंपाला लावलेली शिस्त

"ज्याने पाण्याचा वेग काबूत आणला, त्याने जग काबूत आणलं," सुधींद्रने कॉम्प्युटरसमोर उभं राहून जाहीर केलं.

"आधी त्या डब्यातली मांजर काबूत आण," पलीकडच्या खोलीतून त्याची आई, नर्मदाबाई, म्हणाल्या. "अय्यो, माझा डोळा लागेना झालाय!"

जगाचा प्रश्न तूर्त मागे पडला.

मांजर म्हणजे पंप. हा कॉम्प्युटर सुधींद्रने उन्हाळाभर खपून स्वतःच्या हाताने जोडला होता. आतलं यंत्र गार ठेवायला नळ्यांतून निळं पाणी फिरायचं आणि ते फिरवायला मुठीएवढा पंप होता. म्हैसूरच्या बोगादी भागातल्या त्या घरात पाहुण्यांना देवघराआधी हे दाखवलं जाई. पण नुसती एक फाइल उघडली तरी पंप किंचाळत सुटायचा. आईने सकाळीच निर्वाणीचं सांगितलं होतं: आज आवाज थांबला नाही, तर उद्या तो डबा स्कूटरच्या शेडमध्ये. शेडमध्ये उंदीर होते. उंदरांना वायरी फार आवडतात.

सुधींद्र जेवण टाकून बसला. चूक सापडली, आणि ती त्याचीच निघाली. पंपाचा वेग त्याने प्रोसेसरच्या तापमानाला बांधला होता. प्रोसेसर म्हणजे नवरदेवाचा मामा. कुठे खुट्ट झालं की तापणार, लगेच निवणार, आणि प्रत्येक वेळी पंपाची धावपळ. पाणी मात्र समजूतदार. सावकाश तापतं, सावकाश निवतं. सुधींद्रने पाण्याचं तापमान मोजणारी बारीक तार बसवली आणि पंपाला तिचंच ऐकायला लावलं.

पंप गप्प झाला. इतका, की भिंतीवरचं घड्याळ चालू असल्याचं घराला प्रथमच कळलं. नर्मदाबाई दारात येऊन कान देऊन उभ्या राहिल्या.

"आय्तु, झालं की! राहू दे इथंच," म्हणाल्या आणि जाऊन आडव्या झाल्या.

सुधींद्रने विजयाची कॉफी ओठाला लावली तोच फाटक वाजलं. वडिलांचे चुलतभाऊ गुंडेराव आले होते. नर्मदाबाई डोळे चोळत बाहेर आल्या. हल्ली ते उंबऱ्यातूनच परतायचे. कानातल्या यंत्राला या घरातलं काहीतरी सोसत नाही, म्हणायचे. आज ते आत आले, थबकले, चपला काढल्या आणि पाय वर घेऊन सोफ्यावर बसले.

"काय शांत वाटतंय हो, वहिनी!" ते म्हणाले. "बन्नीमंटपातल्या दसऱ्याच्या मशालींच्या परेडला मी कसा गेलो, ते तुम्हाला सांगायचंच राहिलंय. पहिल्यापासून सांगतो."

पहिल्यापासून म्हणजे, त्यांचे पणजोबा म्हैसूरच्या फौजेत घोड्यावर चढले तिथपासून. तास उलटला तरी पणजोबांचा एक पाय जमिनीवरच होता.

"दूध उतू जातंय," असं म्हणत नर्मदाबाई उठल्या आणि स्वयंपाकघराऐवजी सुधींद्रच्या खोलीत शिरल्या. दार लोटलं. निळ्या पाण्याकडे पाहिलं, मग मुलाकडे.

"सुधी," त्या कुजबुजल्या, "त्याला स्वल्प ओरडू दे की रे. भावजी जाईपर्यंतच."