ताकाला जाऊन

"त्या बुटक्याच्या लस्सीत आज घाण नाही निघाली, तर मिशी उतरवीन!" अंगठ्याला नवी पट्टी गुंडाळत दहीवाला म्हणाला.

"उतरवाच. चहात बुडते ती," बायको म्हणाली.

समोर बुटक्याने लस्सीचं दुकान टाकलं आणि दहीवाल्याची गिऱ्हाइकं रस्ता ओलांडून गेली. राहिली ती भांडायला येणारी. आणखी महिनाभर असंच चाललं, तर शटरच ओढावं लागणार होतं. म्हणून त्याने अन्न खात्याच्या साहेबांकडे तक्रार केली होती, आपल्या नावानिशी. साहेब आज येणार होते.

दहीवाल्याने दुखऱ्या कोपराला निलगिरीचं तेल चोळलं आणि दह्यात हात घातला. दही चमच्याला कळत नाही, हाताला कळतं, असं त्याचं मत.

"मोठं पातेलं कुठाय?"

"कल्हईला."

"परत? पातेलं आहे का नवरी?" सासऱ्याने लग्नात जावयाचं नाव कोरून दिलेलं ते पातेलं हल्ली घरी कमी आणि कल्हईवाल्याकडेच जास्त असायचं. "आणि कालचं उरलेलं दही?"

"मोरीत ओतलं," बायको म्हणाली आणि पदर खोचून आत गेली.

दुपारी साहेब बुटक्याच्या बाकावर बसले. दहीवाला शेजारी.

"तक्रार तुमची, तेव्हा चव तुम्हीच घ्यायची," साहेब म्हणाले. "माझं पोट नाजूक आहे."

बुटक्याने हसत गोड लस्सी पुढे ठेवली. दहीवाल्याने एक घोट घेतला आणि त्याला मळमळलं. "साहेब, औषधाचा वास मारतोय! दवाखान्यातली फरशी पुसून पिळल्यासारखा."

साहेबांनी लांबूनच वास घेतला आणि नाक मुरडलं. "खरंय."

मग खारी लस्सी आली. तिच्यावर तेलाचे डोळे तरंगत होते. दहीवाल्याने जिभेवरून काहीतरी ओढून काढलं. आखूड, राठ केस.

"डोक्याचा नाही हा," साहेब म्हणाले.

"मग कुठला?"

"तेच विचारू नका."

दहीवाल्याच्या मनात लाडू फुटत होते. आंब्याची आली. वरची साय म्हातारीच्या कातड्यासारखी हलत होती. त्याने डोळे मिटून गिळली. गुलाबाची आली. ती अर्धी प्यायला आणि दातांखाली काहीतरी चिवट आलं. साय असेल म्हणून त्याने चार वेळा चावलं. सुटेना. शेवटी तळहातावर थुंकला.

जखमेवरची पट्टी. आतला कापूस पिवळा पडलेला.

"ऑक्!" दहीवाला गटाराकडे धावला. बाकावरची दोन गिऱ्हाइकं ग्लास टाकून त्याच्या मागोमाग.

तोंड पुसत तो परतला, तेव्हा साहेब उभे होते. बुटक्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"दाखवा हात," साहेबांनी फर्मावलं. बुटक्याने दोन्ही हात पुढे केले. कुठे साधा ओरखडाही नव्हता.

"लाजा वाटत नाहीत? लोकांच्या पोटात जातं हे!" दहीवाला गरजला. "साहेब, सील करा! आत्ताच्या आत्ता! असल्या माणसाला तर हेच पाजून मारलं पाहिजे!"

"आईशप्पथ साहेब, मी फक्त घुसळतो," बुटका रडकुंडीला आला. "दही मी लावतच नाही. एक बाई मागच्या दाराने आणून देतात. घरचं आहे, स्वस्त देतात. नवऱ्याच्या हाताला चव आहे म्हणाल्या."

"तो नवरा आधी उचला!" दहीवाला ओरडला. "कोण आहे तो डुक्कर?"

"तेही बघू. भांडं आणा त्यांचं," साहेब म्हणाले.

बुटक्याने आतून पातेलं आणलं. साहेबांनी ते उलटं केलं, चष्मा कपाळावरून नाकावर ओढला आणि बुडावरचं कोरलेलं नाव ओठांतल्या ओठांत वाचलं. मग दहीवाल्याच्या मिशीकडे बघितलं. मग अंगठ्याकडे.

"तक्रारीत नाव काय लिहिलंय म्हणालात तुमचं?"