चाळीस ग्रॅम

"चाळीस ग्रॅम कमी." स्पर्धेचे गोळे तपासणाऱ्या पेंचोने तिचा गोळा काट्यावरून उचलून बाजूला ठेवला. "नेदेल्का, हा चालायचा नाही. मैदानावरचा घे."

नेदेल्काने पुन्हा वजन करायला लावलं. तेवढंच भरलं. गोळाफेकीत अख्ख्या बल्गेरियात नऊ वेळा पहिली आलेली, त्रेचाळीस वर्षांची ही बाई, गणित चुकलेल्या पोरीसारखी काट्याकडे बघत राहिली.

"सप्टेंबरात तूच तोलला होतास. पुरा भरला होता."

"होता ना. लोखंड आहे बाई, बर्फ नाही. चाटत बसलीस की काय?"

कठड्यापाशी तिची आई स्तोयना सगळं ऐकत होती. डोक्यावरच्या रुमालाची गाठ आवळता आवळता तिचा हात थांबला.

नेदेल्का तिच्याकडे आली. "आई, खांद्याचं ऑपरेशन झालं नि हिवाळाभर मी पडून होते. गोळ्याला कुणी शिवलंही नाही. मग चाळीस ग्रॅम गेले कुठं?"

स्तोयनाने जन्मात कुणापुढे चूक कबूल केली नव्हती. नवऱ्यापुढे नाही, पाद्र्यापुढेही नाही.

"कोबीत," ती म्हणाली.

"कशात?"

"पिंपात मिठाच्या पाण्यात आंबत घातलेला कोबी दाबायचा दगड फुटला. तुझा गोळा तळघरात नुसता पडून होता. पिशवीत घालून ठेवला कोबीवर. फाटली असणार पिशवी. आंबट खारं पाणी ते, लोखंड खाल्लं त्याने."

"म्हणजे कोबी काळा पडला तो…"

"तोच. अन् मी मात्र शेजारच्या गिंकाने दिलेल्या मिठाला शिव्या घालत बसले."

पेंचोने कागदाआड तोंड लपवलं. नेदेल्का हसली नाही. मार्चपासून परसात ती हाच गोळा फेकत होती. एकदा तर सतरा मीटर दहा गेला. पाच वर्षांत एवढा गेला नव्हता. त्या जोरावरच तिने खेळ सोडायचा बेत मोडला होता. आज सतरा मीटर गेला तर संघात घेणार होते, नाहीतर कायमचं घरी.

"चाळीस ग्रॅमनं कितीसा फरक पडतो?" स्तोयनाने विचारलं.

"वीतभर."

"मग परसात फेकत होता तो तुझा हात, की माझा कोबी?"

"मला काय विचारतेस? मलाच कळेना झालंय."

ती मैदानावरचा गोळा उचलून रिंगणात गेली.

स्तोयना जुना गोळा मांडीवर घेऊन बाकावर बसली. चीजचा गड्डा ती हातानेच तोलायची, काटा कधी लागला नाही. हा गोळा तिने या हातातून त्या हातात घेतला. जड म्हणावा की हलका, तिला सांगता येईना.

सहा फेकी झाल्या. सगळ्यात लांब गेली ती शेवटची. पेंचोने आकडा मोठ्याने वाचला, मग पुन्हा एकदा, खालच्या आवाजात. सोळा मीटर चौऱ्याण्णव.

आपण पोरीचं काही हिरावून घेतलं, की वर खेळाचे आणखी चार महिने दिले, स्तोयनाला उमजेना. पोरीच्या तोंडाकडे बघावं तर तिथंही काही वाचता येईना.

नेदेल्काने बूट सोडले. खांदा चोळला. आईच्या मांडीवरचा गोळा उचलला, तळहातावर जरासा उडवून झेलला आणि परत तिच्या मांडीवर ठेवला.

"यंदा पिशवी दुहेरी घाल," ती म्हणाली.