चौघांना पेलेल असं

"बसनार कोन?" ज्ञानूने विचारलं.

"मीच," चिंतामणराव म्हणाले आणि उगाचच लाजले.

बांबू तासणारा ज्ञानूचा हात थांबला. त्याने समोरच्या पेन्शनर मास्तरांकडे नीट पाहिलं. साठीचे, काटकुळे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, काखेत जाड पुस्तक.

"सोतासाठी सोता सांगाय आल्याला मानूस म्या पयल्यांदाच बघतोय," तो म्हणाला.

ही स्तुती की टोमणा, हे चिंतामणरावांना कळेना. त्यांनी कागदाची गुंडाळी सोडली.

कडेगावच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं भूगोल शिकवला होता, आणि स्वतः पाचगणीपलीकडे गेले नव्हते. लढाईच्या दिवसांत एकदा एक विमान उसाच्या फडांवरून इतकं खालून गेलं, की त्याची सावली पटांगणावरून, मुलांवरून आणि त्यांच्या अंगावरून सरकत गेली. मुलं ओरडत धावली. मास्तर हातात खडू धरून तसेच उभे राहिले. सावली अंगावरून गेली ती जणू पुरती गेलीच नाही.

आता लढाई संपूनही वर्ष झालं होतं. बिनइंजिनाच्या हलक्या विमानावरचं एक इंग्रजी पुस्तक त्यांनी सांगलीहून मिळवलं, तीनदा वाचलं, आकृत्या उतरवून घेतल्या. वजनाचं गणित मांडलं, खोडलं, पुन्हा मांडलं. आपल्या हातून आयुष्यात धड काही झालं नाही, असं त्यांना वाटे. हे एक तरी व्हावं.

मागच्या आठवड्यात त्यांनी धीर करून शेजारच्या मानसिंगला विचारलं होतं. मानसिंग पलटणीतून आलेला. त्याला माहीत असेल. तो मांडीवर थाप मारून हसला होता.

"ह्या वयात इमान? मग जंगम आळीच्या तोंडाला ज्ञानू बुरूड हाय, त्येच्याकडं जावा मास्तर. इमानं त्योच बांधतोय!"

लोकांच्या हसण्याची चिंतामणरावांना सवय होती. त्यांनी तेवढं नाव लक्षात ठेवलं. लढाईत कितीतरी माणसं विमानतळांच्या कामाला गेली होती. हाही गेला असेल.

"आजवर किती बांधलीत?" त्यांनी भीत भीत विचारलं.

"चाळीसेक असतील. एकबी वाटंत मोडलं न्हाई, आन बसनाऱ्याची तक्रार न्हाई."

चाळीस! ते त्या खरबरीत बोटांकडे बघतच राहिले.

"पर तुमच्यात इमान नसतंय न्हवं?"

"नाही. आमच्यात कोणी केलेलं नाही. मी पहिलाच."

ज्ञानू कागदावर वाकला. "ह्ये पंख? असलं आमी कवा लावलं न्हाईत."

"नव्या धर्तीचे आहेत. पंखांशिवाय वर कसं जाणार?"

ज्ञानू बराच वेळ पंखांवरून बोट फिरवत राहिला. "खरं हाय," तो हळूच म्हणाला. "लावू."

मग त्याने सुतळीने चिंतामणरावांचं माप घेतलं. खांद्यांची रुंदी, बसल्यावरची उंची.

"पाय पुढे सोडून बसायचं आहे," ते म्हणाले.

"मांडीच बरी, मास्तर. पाठीला फळी, कमरंला पट्टा, मान कलू नये म्हनून वर आधार."

चिंतामणराव थक्क झाले. पट्ट्यावर पुस्तकात अख्खं प्रकरण होतं, आणि हा ते न वाचता सांगत होता. त्यांनी मांडी कबूल केली.

"वजन मात्र चौघांना पेलेल इतकंच हवं. टेकडीवर न्यायचंय. आणि उतरायला जागा मऊ पाहिजे."

"टेकडीखाली आमच्या आळीची जागा हाय. काळी माती, लोन्यावानी. मी पंचास्नी सांगतो. तुमाला कोन न्हाई म्हननार न्हाई." मापाच्या सुतळीला त्याने गाठ मारली. "घरात ठावं हाय?"

"नाही. ती रडेल, मला अडवेल."

"आन दिस?"

"दसरा. सकाळी, वारा पडलेला असताना."

ज्ञानूने कोयता खाली ठेवला. "दिस बी ठरलाय?"

"पक्का. या वेळी मागे फिरलो, तर मग कधीच जमणार नाही."

"भ्या न्हाई वाटत?"

"वाटतं," चिंतामणराव म्हणाले. "पण वरून हे सगळं कसं दिसत असेल, ते एकदा बघायचंय."

ज्ञानू उठला, आणि त्यांना काही कळायच्या आत त्याने त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

मधे एकदा बघायला येऊ का, असं त्यांनी विचारलं, तर तो म्हणाला, "बसनाऱ्यानं आदी बघू नये." कारागिराचा काही नेम असेल, म्हणून ते गेले नाहीत.

दसऱ्याच्या पहाटे त्यांनी चारुशीलाबाईंना सगळं सांगितलं. त्या रडल्या नाहीत. बराच वेळ नवऱ्याकडे नवा माणूस बघावा तसं बघत राहिल्या. मग त्यांच्या हातावर दही घातलं आणि म्हणाल्या, "या जाऊन. चक्का टांगलाय. जेवायच्या वेळेला घरी या म्हणजे झालं."

दारात पावलं वाजली.

चौघांच्या खांद्यांवरून ते आलं. बांबूचा सुबक सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं पांढरं कापड, दोन्ही बाजूंना पसरलेले पंख. दसरा म्हणून झेंडूच्या माळा. मागे सगळी आळी अनवाणी, हात जोडून. मानसिंगही होता, आणि तो हसत नव्हता. कोणीतरी शंख फुंकला.

चिंतामणरावांचे डोळे भरून आले. ते पुढे झाले, आत मांडी घालून बसले. तंतोतंत. पाठीला फळी लागली, मानेला आधार मिळाला. साठ वर्षांत कुठलीच जागा त्यांना इतकी बरोबर बसली नव्हती.

ज्ञानूने पट्टा आवळला, त्यांच्या कपाळाला भस्म लावलं आणि कानाशी वाकला.

"आता निवांत डोळं मिटा, मास्तर. आमच्यातलं गेल्यालं मानूस बी असंच इमानात बसून जातंय. घाई न्हाई, आमी थांबतो. समाधीचा खड्डा कालच खनून ठिवलाय."