मिशी आडवी आली

“समुद्रात बुड्या मारून पोट भरलंस, तर मिशी उतरवीन!” असं लेकीला सुनावून बाबांनी सहा वर्षं अबोला धरला. आज मात्र ते तिच्या डायव्हिंगच्या दुकानात अवघडून उभे होते. “मलाही शिकव,” एवढंच म्हणाले. तिने मास्क चेहऱ्यावर टेकवला. “नाकाने श्वास ओढा.” मास्क चिकटेना. दुसरा लावला, तिसरा लावला, तीच गत. “बाबा, मिशी आडवी येतेय. पाणी शिरेल.” ते तडक समोरच्या सलूनमध्ये गेले. परतले तेव्हा मास्क पट्ट्याशिवाय घट्ट बसला. “हरलो बाई! चल, दोघं उतरू.” तिने मास्क अलगद काढला. “तुम्हाला दुसरे सर शिकवतील. माझ्या कानाचा पडदा फाटला, बाबा. डॉक्टरांनी पाण्यात उतरणं बंद केलंय.” सवयीने मिशीकडे गेलेला हात ओठावरच थबकला. “कधी?” “दोन वर्षं झाली. फोन केला होता, तुम्ही उचलला नाहीत.”