पहिला घास

पेनसिल्व्हेनियात शिकायला येऊन आठवडाही झाला नव्हता आणि आई गेली. बाबा “येऊ नकोस” म्हणाले, म्हणून दहाव्याला व्हिडिओ कॉलवर होतो. कावळा पिंडाला शिवेना. “तुझ्यातच अडकलाय जीव तिचा. बोल काहीतरी,” काकांनी फोन कावळ्यासमोर धरला. डिग्री पूर्ण करीन, म्हणालो. कावळ्याने पंख खाजवला. ताईचं लग्न थाटात लावीन, म्हणालो. “माझं झालंय रे,” मागून ताई म्हणाली. “नीट जेवतोय मी,” म्हणालो. कावळ्याने सरळ पाठ फिरवली. आई फोनवर रोज “जेवलास का?” विचारायची, कोरडे कॉर्नफ्लेक्स चघळत मी हो म्हणायचो. ती गेल्यापासून कॉर्नफ्लेक्सही बंद होते. रूममेट संग्रामने वरणभाताची ताटली पुढे सरकवली. मी पहिला घास घेतला. फोनमध्ये पंख फडफडले. “शिवला, शिवला,” काका म्हणाले. खाल्लं नसतं, तर अजून थांबली असती.