हरकतीची मुदत

वारस एकशे सेहेचाळीस, शिक्के एकशे चव्वेचाळीस. नगरपालिकेच्या टेबलावर इवाओने संमतीचे कागद पुन्हा एकदा मोजले; जपानात सहीऐवजी ज्याचा त्याचा नोंदवलेला शिक्काच लागतो. एवढे जमवायला त्याला अकरा वर्षं लागली होती. डोंगरातल्या त्याच्या वस्तीत आता घरं सतराच उरली होती. सभागृहाची जागा मात्र अजून त्यांच्या आजोबा-पणजोबांच्या काळातल्या तेवीस कारभाऱ्यांच्या नावावर होती; हे वारस त्यांचेच. ती वस्तीच्या नावावर चढल्याशिवाय तिथे दरड कोसळताना आसऱ्याला जायची इमारत होणार नव्हती. आणि नगरपालिकेच्या नव्या बांधकाम-आराखड्यात वस्तीचं नाव घालायची मुदत मार्चअखेर संपत होती.

"राहिलेले दोघे कोण?" मायुझुमी या तरुण कारकून मुलीने विचारलं.

"एक ब्राझीलला गेला, ठावठिकाणा नाही. दुसरा माझा धाकटा भाऊ, तोकुजी. आमच्या शेतापलीकडे राहतो."

"मग ब्राझीलचे लवकर सापडतील, काका."

इवाओला हसू आलं. तिने नवा कायदा समजावला. आता प्रत्येकाचा शिक्का लागत नव्हता. तीन महिने नोटीस लावायची. कोणी हरकत घेतली नाही तर जागा वस्तीची. एक जरी हरकत आली तरी अर्ज बाद.

"म्हणजे तोकुजीकडे जायला नको?"

"कायद्याने नको."

एक डिसेंबरला नोटीस लागली.

एरवी दर दोन जानेवारीला, नववर्षाच्या भेटीला, इवाओ सुकवलेली पर्सिमनची फळं घेऊन तोकुजीकडे जायचा. तोकुजी चहा टाकायचा. शेगडीपाशी पाय शेकत दोघं बर्फाबद्दल, गुडघ्यांबद्दल, कोण वारलं त्याबद्दल बोलायचे. वडील गेल्यावर दोघांचं बिनसलं होतं, तेव्हापासून वर्षभरात एवढंच काय ते बोलणं. उठताना इवाओ संमतीचा कागद पुढे करायचा.

"शिक्का कुठे ठेवलाय आठवतच नाही, दादा," तोकुजी म्हणायचा. "पुढच्या वर्षी ये."

घरी येईपर्यंत इवाओ त्याला शिव्या घालत यायचा.

या वर्षी तो गेला नाही. गुडघा ठणकत होता, आणि आता गरजही नव्हती. दोन तारखेला सकाळी त्याला खिडकीतून दिसलं, तोकुजीने दारापासून थेट शेताच्या बांधापर्यंत बर्फ उपसून वाट केली होती. कोणी पाहुणा येणार असेल, असं म्हणून इवाओने पडदा ओढला.

नोटिशीच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी दुपारी मायुझुमीचा फोन आला. इवाओ पोचला तेव्हा टेबलावर हरकतीचा एकच अर्ज होता.

"तुमचे भाऊ स्वतः येऊन देऊन गेले, काका. बसने आले होते."

कारणाच्या रकान्यात तोकुजीचं वाकडंतिकडं अक्षर होतं. 'या वर्षी मला कोणी विचारायला आलं नाही.' खाली लाल शिक्का होता. अकरा वर्षांत इवाओ तो पहिल्यांदाच पाहत होता.

"हा त्याचाच कशावरून?" त्याने विचारलं. "खोटा असेल तर हरकत धरायची नाही ना?"

"नाही धरायची."

मायुझुमीने कपाटातून तोकुजीच्या शिक्क्याच्या नोंदणीचा कागद काढला. दोन्ही ठसे शेजारी ठेवले आणि पट्टी लावली. व्यास साडेतेरा मिलिमीटर. ठसे जुळले.