गालावरचा हात

मुलानं बापाच्या थोबाडीत मारली, तेव्हा सूप आधीच भिंतीवर होतं.

वाटी बापानं उडवली होती. रोजचंच होतं ते. चमचा ओठाला लागला की तोंड फिरवायचं, डाव्या हातानं वाटी भिरकावायची आणि मग तोच हात गालावर थापटून दाखवायचा. थोबाडीत देईन! पक्षाघातानं उजवं अंग गेलं, वाचा गेली, शब्द म्हणून एक "गाढव" तेवढा उरला. बाकी माणूस होता तसाच आहे, असं घरच्यांचं मत होतं. आयुष्यभर त्यांनी लोकांना मोटार शिकवली, ती थपडेच्या धाकावर. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, हे मुलगा येणाऱ्याजाणाऱ्याला हसून सांगायचा.

आज हसू आलं नाही. उद्यापर्यंत पोटात काही गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टर कालच बजावून गेले होते. "जगायचं नसेल तर तसं सांगा एकदा," मुलगा ओरडला आणि त्याचा हात सुटला. वाचा गेलेल्या माणसानं सांगायचं कशानं, याचा विचार त्यानं केला नव्हता.

म्हाताऱ्याच्या घशातून जो आवाज निघाला, तो रागाचा नव्हता. ओठाच्या कोपऱ्यातून रक्त आलं, त्यामागून काहीतरी पिवळं. सुनेनं ते रुमालानं पुसलं आणि रुमाल नाकाशी नेला.

"हे मारल्यानं आलेलं नाही," ती नवऱ्याला म्हणाली. "पू आहे हा. खुर्ची काढ."

कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई मोटार म्हाताऱ्याकडेच शिकल्या होत्या. चाकांची खुर्ची आत आली तशा त्या हसत पुढे झाल्या. तोंड उघडून पाहिलं आणि त्यांचं हसू मावळलं.

"यांचे दात शेवटचे कधी घासलेत?"

"ते तोंडाला हात लावू देत नाहीत," मुलगा म्हणाला.

"मी कधी घासलेत ते विचारलं."

"हॉस्पिटलमधून घरी आणल्यापासून नाही," सून म्हणाली. "अंघोळ घालतो, दाढी करतो, नखं काढतो. पण तोंडाचं डोक्यातच आलं नाही."

डॉक्टरीणबाईंनी आरसा ताटलीत टाकला, तो जरा जोरातच. "लुळ्या गालाशी घास साचून राहतो. यांना जिभेनं तो काढता येत नाही, दुसऱ्या कुणी काढला नाही. आधी नुसती हिरडी सुजली असेल, रक्त आलं असेल. तेव्हा यांना आणलं असतंत तर दात साफ करून, रोज ब्रश फिरवून भागलं असतं. आता हिरडी दातापासून सुटलीय. आतलं हाड झिजलंय. त्यात यांना मधुमेह, म्हणजे आगीत तेल. हा दात हाडात नाही, पुवात उभा आहे. आणि त्याच्यावर तुम्ही रोज चमचा आपटताय."

"आम्हाला कसं कळणार? त्यांना बोलता येत नाही."

"हातानं काही दाखवत नव्हते?"

मुलगा चाचरला. "ते... थोबाडीत मारायची धमकी. तुम्हाला माहीत आहे त्यांचा स्वभाव."

"चांगला माहीत आहे. क्लच पटकन सोडला की मलाही धमकी मिळायची. पण तेव्हा हात माझ्या गालाकडे यायचा." त्यांनी म्हाताऱ्याकडे वळून विचारलं, "सर, कुठे दुखतंय?"

डावा हात उठला, छातीवरून पलीकडे गेला आणि उजव्या गालावर टेकला.

"गाढव," म्हातारा म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

हात खाली आल्यावर गालावरचे वळ दिसले. चार बोटं स्पष्ट मोजता येत होती. डॉक्टरीणबाईंनी ते पाहिले आणि मुलाकडे पाहिलं. मुलाला वाटलं, त्यांनी शिव्या घालाव्यात. त्यांनी हातमोजे चढवले.

"डोकं धरा त्यांचं. मागून नाही. चेहरा दिसेल असं समोर उभं राहून धरा."

इंजेक्शन देऊन हिरडी बधिर केली, पू काढला, हिरडीखालचा दगडासारखा थर खरवडला. मुलाला नजर वळवायला जागा नव्हती. दात आज काढता येणार नव्हता; रक्त पातळ करणारी गोळी चालू होती, तिचं काय करायचं ते आधी मोठ्या डॉक्टरांना विचारायला हवं होतं. तोवर औषधं आणि दोन वेळा मऊ ब्रश.

"ब्रश तुम्ही करायचा," डॉक्टरीणबाई मुलाला म्हणाल्या. "बायकोवर ढकलायचा नाही."

मोठे डॉक्टर नळीसाठी दोन दिवस थांबले, तोवर सलाईनवर भागवलं. पहिल्या दिवशी ब्रश पाहताच म्हाताऱ्यानं मान फिरवली. दुसऱ्या दिवशी मुलाचं मनगट धरून ठेवलं, पण ब्रश आत जाऊ दिला. तिसऱ्या दिवशी सकाळी मुलानं कोमट सुपाचा चमचा पुढे केला. बापानं तोंड उघडलं.

वाटी संपली. सुनेनं आणखी अर्धी आणली, तीही संपली. मुलानं त्यांचं तोंड पुसलं, पण त्यांच्याकडे बघायचं धाडस त्याला होत नव्हतं. बापानं बोटानं खूण केली, जवळ ये. तो वाकला.

डाव्या हाताची थप्पड खाडकन वाजली. सून स्वयंपाकघरातून धावत आली आणि दारातच थांबली.

बापानं हात मांडीवर ठेवला. मुलगा मात्र सरळ झाला नाही. गाल पुढे करून तो तसाच वाकून राहिला. एकावर भागेल, असं त्याला वाटत नव्हतं.